नवा ड्रम ब्रेक लागतच नाही!

प्रश्न : महिन्यापूर्वी सायकलला पुढे ७० मिलिमीटरच्या ड्रम ब्रेकचं चाक बसवलं. लिव्हर पार हँडलच्या दांड्याला टेकतो, तरी सायकल रेंगाळत थांबते. केबल ताणली तर चाक अडकायला लागलं. आता कुईकुईही सुरू झाली आहे. ब्रेक खराब निघाला असं समजू का?

उत्तर : खराब निघाला असं इतक्यात म्हणू नका. आधी सांगा, चाक बसवताना ब्रेक दाबून धरून नट आवळला होता का? बहुतेक नसेल. मीही कित्येक वर्षं आवळत नव्हते.

ड्रमच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत दोन चंद्रकोरीसारखे शू असतात. लिव्हर दाबला की कॅम नावाचा छोटा तुकडा फिरतो आणि ते बाहेर फाकून ड्रमला आतून घासतात. शू ज्या प्लेटवर बसवलेले असतात, तिला आसावर केसभर खेळ असतो. प्लेट तिरकी आवळली गेली की एक शू आधी टेकतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. म्हणून प्लेटचा नट सैल करा, लिव्हर जोरात दाबा आणि दाबलेला असतानाच नट आवळा. दोन्ही शू आपोआप मध्यावर येतात. कोणाला तरी लिव्हर धरायला सांगा, एकट्याने तीन हात लागतात.

ती व्यक्ती लिव्हर दाबत असताना केबलच्या आऊटरकडे, म्हणजे बाहेरच्या नळीकडे, नजर ठेवा. त्याचं वळण सरळ व्हायला बघत असेल किंवा त्याची टोकं टोपणांत आत सरकत असतील, तर तुमचा अर्धा जोर तिथेच जातो आहे. आऊटरची टोकं चौकोनी कापून घ्या, आणि आऊटर पिचपिचीत असेल तर बदला. केबल नुसती ताणत जाणं हा उपाय नव्हे. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, मधूनमधून बारीक खरखर ऐकू आली तर चालेल.

आता मुख्य गोष्ट. नवे शू ड्रमच्या गोलाईशी जुळलेले नसतात. उघडून पाहिलंत तर लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरावर, एखाद-दोन ठिकाणीच काळसर चकाकी दिसेल, बाकी भाग कोरा. तेवढ्याच भागावर तुमचा ब्रेक लागतो आहे! शू घासून ड्रमशी जुळावेत म्हणून मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्या, ठामपणे ब्रेक दाबून जवळजवळ थांबा, मग थोडं पायडल मारून ड्रमला गार होऊ द्या. असं १५-२० वेळा करा. मागचा ब्रेक चांगला हवा, हे वेगळं सांगायला नको. लांब उतारावर ब्रेक नुसता घासत ठेवू नका. त्याने शू बसत नाहीत, लायनर तापून काचेसारखं गुळगुळीत होतं. पुढे रोजच्या वापरात जोर हळूहळू वाढत जातो. रिम ब्रेकसारखा पहिल्या दिवशीचा चावा मात्र याच्याकडून मागू नका.

कुईकुई बहुधा याच काळातली असते. थांबली नाही तर चाक उघडा. गुळगुळीत झालेलं लायनर बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडता येतं. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. लायनरवर बेअरिंगचं ग्रीस चढलं असेल तर खरवडत बसू नका, शू बदला. ग्रीस आत मुरतं आणि तापलं की पुन्हा वर येतं.

शेवटी प्लेटपासून निघून फोर्कला बांधलेला लांब दांडा तपासा. ब्रेक लागला की प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते, तिला हाच दांडा अडवतो. एकदा पंक्चर काढून मी घाईत त्याचा क्लिप लावायला विसरले. पहिल्याच ब्रेकला दांडा गर्रकन फिरला आणि केबल तटकन तुटली. वेग कमी होता, म्हणून फक्त गुडघ्यावर निभावलं.

प्रश्न : रिम सरळ करून घेतल्यापासून ब्रेक दाबला की पुढचं चाक थरथरतं. लायनर तर नवं आहे.

उत्तर : लायनरचा यात दोष नाही. आऱ्यांचा ताण सारखा नसेल तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, त्या ओढीने किंचित लंबगोल होतो, आणि ड्रम म्हणजे हबच. एकेक आरा बोटाने वाजवून बघा, एकाच बाजूच्या आऱ्यांचे सूर फार वेगळे लागले तर चाक पुन्हा जुळवून घ्या, या वेळी रिमबरोबर आऱ्यांचा ताणही बघून.