वुडकटमध्ये (लाकडी फळी कोरून घेतलेल्या छाप्यात) प्राणी करायचेत? मग हे वाच

पहिल्याच फटक्यात वाघ घेऊ नकोस, पट्टे सोपे वाटतात पण चेहरा जरा चुकला की मांजर होतं त्याचं. घुबड घे, पिसांवर हात छान बसतो. आणि थॉमस ब्यूइक या इंग्लिश कोरीवकाराची (१७५३-१८२८) कामं झूम करून बघ, चौदाव्या वर्षी एका एनग्रेव्हरकडे, म्हणजे कोरीव काम करणाऱ्याकडे, शिकायला लागला आणि पुढे आयुष्यभर पक्षी-प्राणी कोरत बसला. काळ्यातून पांढरी रेघ काढायचा तो, म्हणजे उजेड पडतो तेवढंच खणायचं, बाकी काळं राहू द्यायचं. फक्त एक आहे, तो बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या एंड ग्रेनवर (आडव्या कापलेल्या टोकावर) ब्युरिन (बारीक टोकाचं कोरणं) चालवायचा, ते खरं तर वुड एनग्रेव्हिंग, आपली साधी फळी तेवढं बारीक काम झेलत नाही, लाकडाच्या रेषांना आडवं गेलास की ढलपी उडालीच समज, त्यामुळे मोठे फटके लाकडाच्या रेषांसोबत येतील अशीच प्राण्याची पोझ बसव. फोटो नसला तरी अडत नाही हं, जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा न बघता नुसत्या वर्णन-स्केचवरून केला, चिलखत घातल्यासारखा दिसतो, पण काय दिसतो! प्रिंट उलटी येते, ड्रॉइंग आधीच उलटवून घे. डोळा शेवटी कोर, त्याआधी पातळ कागदावर एक प्रूफ (चाचणीचा छापा) काढ.