पीडीएफवर कस्टम ड्युटी? आधी व्हॅट बघा

ताई, मुळाक्षरांच्या सराव-पुस्तिकांच्या पीडीएफ तुम्ही जर्मनीतल्या मराठी पालकांना विकता आणि 'डब्ल्यूटीओची (जागतिक व्यापार संघटनेची) सवलत संपली की फाइलवरही कस्टम लागेल, भाव वाढवू का?' असं विचारताय. कस्टमच्या भीतीने भाव वाढवू नका.

ती सवलत 1998 सालची. इलेक्ट्रॉनिक मार्गाने जे पाठवलं जातं त्यावर सीमाशुल्क लावायचं नाही, असं सदस्य देशांनी जिनिव्हात ठरवलं. ते कायमचं कधीच नव्हतं, मुदतवाढीवर चालत आलं. 2024 मध्ये अबुधाबीत मुदत वाढवली ती सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या पुढच्या परिषदेपर्यंत किंवा 31 मार्च 2026 पर्यंत, जे आधी येईल ते. भारत आणि दक्षिण आफ्रिका मुदतवाढीवर वर्षानुवर्षं कुरकुरताहेत. सीडी, पुस्तकं बंदरातून यायची तेव्हा शुल्क मिळायचं, आता तोच मजकूर डाउनलोड होतो आणि तिजोरीत काही पडत नाही. तक्रार मला तरी रास्त वाटते. पण सवलत संपली म्हणून शुल्क आपोआप सुरू होत नाही, त्या त्या देशाला आपल्या कायद्यात दर ठरवावा लागतो. इंडोनेशियाने 2018 मध्ये डिजिटल मालासाठी शुल्कसूचीत 99वं प्रकरण उघडलं खरं, पण दर ठेवला शून्य!

तुमचा खरा विषय व्हॅट. ही सवलत फक्त सीमाशुल्कापुरती, देशांतर्गत कराला ती लागूच नाही. युरोपीय संघात ग्राहकाला डिजिटल वस्तू विकली की ग्राहकाच्या देशाचा व्हॅट लागतो, आणि बाहेरच्या विक्रेत्याला किमान उलाढालीची सूट नाही, पहिल्या युरोपासून लागतो. जर्मनीत सर्वसाधारण दर 19 टक्के, इ-पुस्तकांना 7. तुमची पुस्तिका कशात बसते ते तिथल्या कर सल्लागाराला विचारा, अंदाजाने 7 लावू नका. ओएसएस (वन स्टॉप शॉप) योजनेत एकाच देशात नोंदणी करून सगळ्या संघाचा व्हॅट भरता येतो. ग्राहक कुठला, याचे एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे ठेवा, म्हणजे बिलाचा पत्ता आणि कार्ड कुठल्या देशाचं ते. मोठ्या मार्केटप्लेसवरून विकत असाल तर बहुतेक वेळा व्हॅट तेच कापून भरतात, त्यांच्या अटी एकदा वाचा.

इकडे भारतात जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (हमीपत्र) भरायला विसरू नका, म्हणजे निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं.

आणि छापील संच पाठवायचा बेत असेल तर तो माल झाला. 1 जुलै 2021 पासून युरोपीय संघात लहानात लहान पार्सलवरही व्हॅट आहे. पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोस्टमन दारात पैसे मागणार आणि बोलणी तुम्हाला बसणार.