खडीच्या रस्त्यावर स्केटबोर्ड अडतो

प्रश्न : मुलाच्या स्केटबोर्डला ५२ मिमी, १०१ए अशी चाकं आहेत. सोसायटीच्या फरशीवर बोर्ड छान पळतो; पण विजापूर रोडलगतच्या आमच्या गल्लीत त्याचे पाय झिणझिणतात आणि बारीक खडी आली की बोर्ड जागीच थांबतो. बेअरिंग बदलावं का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : बेअरिंग राहू द्या, चाकं बदला. ही चाकं गुळगुळीत काँक्रीटवरच्या कसरतींसाठी असतात. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा कडकपणाचा. १०१ए इतकं कडक पॉलियुरेथेन फारसं दबत नाही, त्यामुळे डांबरातला प्रत्येक उंचवटा पायापर्यंत पोचतो. शिवाय लहान चाक खड्यावर चढत नाही, अडतं. बोर्ड थांबतो आणि मुलगा पुढे फेकला जातो. हेल्मेट हवंच.

५६ ते ५८ मिमी, ७८ए ते ८०ए घ्या. मात्र मोठं चाक वळताना फळीला घासलं तर बोर्ड एकदम अडकतो. म्हणून ट्रक (चाकांचा ॲक्सल धरणारा फळीखालचा धातूचा भाग) आणि फळी यांच्यामध्ये ३ मिमीचा रायझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी चकती, घाला; बोल्टही तेवढेच जास्त लांब लागतील. जुनी ६०८ मापाची बेअरिंग नव्या चाकांत बसतात. १३ मिमी पान्याने नट काढा, चाक ॲक्सलच्या टोकावर तिरकं धरून बेअरिंग उचकटा. परत बसवताना नट करकचून आवळू नका; चाक आडवं किंचित हललं पाहिजे, नाहीतर बेअरिंगवर ताण येऊन ते जड फिरतं.

जुनी चाकं जपून ठेवा. मऊ चाक रस्ता धरून ठेवतं, त्यामुळे घसरत वळण्याचा सराव कडक चाकांवरच सोपा जातो.