तुरट लागलं, म्हणजे तुमची जीभ शाबूत आहे

लाल वाइनचा घोट घेतला की माझी जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. बाकीची मंडळी "वा!" म्हणत असतात. मला वाइन कळत नाही का?

उत्तम कळते. तुम्हाला जे जाणवतं त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुरट. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, थोडं ओकच्या लाकडी पिंपातूनही येतं. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून त्यात ते भरपूर उतरतं. पांढरीसाठी बहुधा रस आधीच पिळून वेगळा काढतात. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. म्हणजे तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट जास्त.

आता एक प्रयोग करा. एक घोट घ्या. मग जुन्या, कडक चीजचा तुकडा चावून खा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाइन मऊ झालेली असेल. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धपणा टॅनिनला गुंतवून ठेवतात, आणि मीठ कडवटपणा दाबतं. काबर्ने सोव्हिन्याँ या टॅनिनभरल्या लाल वाइनबरोबर चरबीचं मांस वाढतात ते काही उगाच नाही. मी तर म्हणेन, षड्रसांपैकी आंबट, गोड, कडू, तुरट पेल्यात कमीअधिक असतातच. खारट आणि तिखट ताटातून यायचे. खारटाशी वाइनचं जमतं. तिखटाशी भांडण होतं, कारण अल्कोहोल जिभेची आग वाढवतं. तिथे जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली किंचित गोड रीसलिंग ही पांढरी वाइन घ्या. त्यातल्या कित्येकींत अल्कोहोल आठ-नऊ टक्केच असतं.

माशाबरोबर पांढरी आणि मांसाबरोबर लाल, हा नियम पाळायलाच हवा का?

एकदा मी पाहुण्यांना तेलकट माशाबरोबर दणदणीत लाल वाइन दिली. "नियमबियम जुने झाले," असं वर भाषणही दिलं. दुसऱ्या घोटाला सगळ्यांचे चेहरे असे झाले, जणू कुणी लोखंडी खिळा चोखायला दिलाय. मासा बिचारा ताजा होता! पुढे वाचनात आलं की लोखंडाचा संबंध खरंच आहे. जपानी संशोधकांनी २००९ साली शिंपल्यांबरोबर वेगवेगळ्या वाइन तपासल्या. ज्यांत लोह जास्त, त्यांच्यामागे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळत होता. लोह लाल वाइनमध्ये बहुधा जास्त असतं, पण सगळ्याच लाल वाइनमध्ये नसतं. म्हणून नियमाला अपवाद सापडतात. सामन माशाबरोबर पिनो न्वार ही हलकी लाल वाइन मजेत चालते, तिच्यात टॅनिनही कमी.

रंगापेक्षा आंबटपणा बघा. कालवांबरोबर शाब्ली किंवा म्युस्काडे या आंबटसर पांढऱ्या वाइन देतात, ते लिंबू पिळल्यासारखंच आहे.

वाढदिवसाच्या केकबरोबर महागडी शॅम्पेन उघडली, तर आंबटढाण लागली. बाटली खराब होती का?

नाही हो, केक गोड होता. गोड खाल्ल्यावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन आंबटच लागते. बाटलीवर 'ब्रूत', म्हणजे कोरडी, असं लिहिलेलं असणार. ती केकच्या आधी, खारवलेल्या बदामांबरोबर प्यायची. गोडाबरोबर वाइन त्या पदार्थाहून गोड हवी. त्याहून सरस जोडी म्हणजे सोतेर्न आणि रोकफोर. एक बुरशी लागून सुकत आलेल्या द्राक्षांची मधाळ वाइन, दुसरं निळ्या बुरशीचं खारट चीज. दोघंही बुरशीचे, आणि काय जमतं त्यांचं!

जाणकारांना पेल्यात चेरी, चामडं, ओली माती असं सगळं सापडतं. मला फक्त वाइनचा वास येतो. हे ढोंग असतं का?

थोडं असतं. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोतल्या संशोधकांनी एक शोधनिबंध छापला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगात रंगवून दिली होती. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला असे गंडवतात. मला ही गोष्ट फार आवडते, पण तिच्यावरून सगळेच जाणकार खोटे ठरत नाहीत. शब्द म्हणजे आठवणीला लावलेल्या चिठ्ठ्या. मी त्या स्वयंपाकघरात गोळा केल्या: डोळे मिटून लवंग, मिरी, दालचिनी, लिंबाची साल हुंगायची आणि नाव सांगायचं. पहिल्या आठवड्यात मी लवंगेलाही चुकले होते.

पेला एक तृतीयांशच भरा, गोल फिरवा, मग नाक आत घाला. चेरी नाही सापडली तर सोडून द्या. पण भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र तोंड उघडा, कारण तो बुचातून उतरलेला दोष असतो आणि ती बाटली परत करायचीच असते.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात. म्हणजे किती?

१६ ते १८ अंश. हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. तुमची खोली त्याहून गरम असेल तर बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. कोमट लाल वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं.

अर्धी बाटली उरली तर?

बूच लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा. दोन-तीन दिवस बरी राहते. त्यानंतर रश्शात ओता.