पंगत, ताटं आणि लिथियम

चि. डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

ग्वाल्हेरातल्या ग्वाल्हेरात, लष्कर भागातून मुरारला पत्र धाडतोय म्हणून हसशील. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य, असलेल्या त्या मुलाच्या आईने ओपीडीत विचारलं, ‘लिथियमने डोक्यात नक्की काय होतं?’ आणि तू सांगून मोकळी झालीस, ‘मेंदूत रसायन कमी पडतंय, ते भरून काढतो.’ रागावत नाही; वर्गात मीही वर्षानुवर्षं असंच ठोकून दिलंय. पण रक्तातलं लोह कमी पडावं तसं लिथियम कुणाला कमी पडलेलं नसतं. शिवाय त्या उत्तरातून पुढचा प्रश्न ठरलेलाच: ‘मग आता भरलं ना? गोळी बंद करू?’

तिला लग्नाची पंगत सांग. सेरोटोनिनसारख्या रसायनाचा निरोप मेंदूतल्या पेशीच्या दाराशी येतो. तो आत पोचवायला पेशी इनॉसिटॉल या आपल्याकडच्या पदार्थापासून घडवलेला दुसरा निरोप्या धाडते. काम झालं की त्याला मोडून इनॉसिटॉल परत मिळवायचं, ताटं घासून पुढच्या पंगतीला मांडावीत तसं. ते घासण्याचं शेवटचं काम इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज हे एन्झाइम करतं आणि लिथियम नेमका त्याचाच हात धरतं. तोही कामात गुंतलेला असताना, रिकामा असताना नव्हे! घरात चारच माणसं जेवणार असतील तर कुणाला पत्ताही लागत नाही. पंगतीवर पंगत उठू लागली की ताटं तुटवड्यात येतात. म्हणजे जिथे निरोपांची गर्दी जास्त, तिथे लगाम जास्त. बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हा विचार मांडला. त्यावर वाद आहेत, तरी माझं मन त्याच्यावरच बसलंय.

लिथियम जीएसके-३ या दुसऱ्या एन्झाइमलाही आवरतं, हे १९९६ मध्ये दिसलं. परीक्षेपुरतं लक्षात ठेव. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन ही याच आजारावरची दुसरी औषधं, त्यांची घडण लिथियमहून अगदी निराळी. पण २००२ च्या एका प्रयोगात या तिघांनीही चेतापेशींच्या वाढत्या टोकांवर सारखाच परिणाम केला आणि इनॉसिटॉल घातल्यावर तो पुसला गेला. मला तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

एन्झाइम लवकर अडतं, पण पेशीच्या आतली घडी बदलायला वेळ लागतो. उन्माद उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात. आईला हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर चौथ्या दिवशी ती गोळ्या घेऊन भांडायला येईल.

आता खरी काळजी. आपल्या ग्वाल्हेरचा मे महिना! पारा पंचेचाळिशीला टेकतो, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. मूत्रपिंड मग सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही आत ओढून घेतं. बीपीच्या धास्तीने घरात अचानक मीठ कमी केलं तरी तेच. डोकं दुखतंय म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणलं तरी तेच. हात जास्त थरथरू लागले, चाल झोकांडायला लागली, उलट्या-जुलाब झाले, तर पुढची गोळी न घेता थेट तुझ्याकडे यायचं, हे त्यांच्याकडून वदवून घे. रक्तातल्या लिथियमची लेव्हल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायची. लिटरमागे ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट (mEq/L) बरी, १.५ च्या वर गेली की धोका. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडही पाहत जा.

आईला पंगत पटली का, ते कळव. आणि त्या मुलाच्या लेव्हलचा कागद बघायला मिळाला तर बरं वाटेल.

तुझे,
सर