ग्राफिक्स कार्डाविना पीसी

प्रश्न: मुलीच्या अभ्यासासाठी आणि थोड्या फोटो एडिटिंगसाठी पीसी जोडायचाय. दुकानदार रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि १६ जीबीची एकच रॅम सुचवतो. ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत. चालेल का?

उत्तर: नाही. ५६०० मध्ये ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतात. कार्डाविना स्क्रीन काळीच राहील. ५६००जी घ्या, कूलर सोबत येतो. त्याचे ग्राफिक्स रॅमच वापरतात, म्हणून ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० रॅम स्टिक हव्यात. एकाच स्टिकने डेटाचा रस्ता निम्मा होतो. रॅमचे चार स्लॉट असल्यास बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरतात. बी४५० बोर्ड घेतलात तर बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) दुकानातच अपडेट करून मागा. जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. कॅबिनेटसोबतचा स्वस्त एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र कृपा करून घेऊ नका! तो जळताना बोर्डही जाळू शकतो. ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला पुरे.