घरी असणे आणि घरात असणे

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ‘घर’ या एकाच शब्दाभोवती फिरणारी असल्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून हे सदर आज त्या शब्दाला दिले आहे.

प्रश्न : सातवीतल्या एका मुलाने निबंधात ‘रात्री आमच्या घरी चोर शिरला’ असे लिहिले. मी ‘घरी’ खोडून ‘घरात’ केले. त्यावर त्याने विचारले, “बाई, घरी पाहुणे आलेले चालतात, मग चोर का चालत नाही?” दुरुस्ती योग्य होती याची मला खात्री आहे, पण कारण सांगता आले नाही. (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : मुलाचा प्रश्न शंभर गुणांचा आहे आणि आपली दुरुस्तीही बरोबर आहे. ‘घरी’ हे जुन्या सप्तमीचे रूप आहे, तर ‘घरात’ या रूपात ‘आत’ हा शब्द अजून स्पष्ट ऐकू येतो. ‘घरात’ म्हटले की भिंती, दार, उंबरठा आणि त्यांच्या आतली पोकळी डोळ्यांपुढे येते, तर ‘घरी’ म्हटले की त्या जागेशी असलेला संबंध पुढे येतो आणि भिंती मागे राहतात. शिरणे या क्रियेला आत-बाहेर लागते, म्हणून चोर घरात शिरतो, सापही घरात शिरतो. ‘घरी चोर आला’ असे म्हटले, तर त्याला चहा विचारला की नाही, असे ऐकणाऱ्याच्या मनात येईल. ‘आमच्या घरी चोरी झाली’ हे वाक्य मात्र निर्दोष आहे, कारण तिथे चोराच्या वाटेबद्दल आपण काही सांगत नसून आपल्यावर काय ओढवले ते सांगत असतो.

हा भेद वर्गात समजावून सांगायला आपल्या गोव्याकडच्या घरासारखे साधन नाही. संध्याकाळी सोप्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस करणारे आजोबा घरी आहेत, पण घरात नाहीत. विहिरीवर पाणी शेंदणारी आजीही घरीच आहे. त्याच वेळी मीटर पाहायला आलेला वीज खात्याचा माणूस पार आतल्या खोलीपर्यंत गेलेला असतो. तो घरात आहे, पण तो घरी आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याचे ‘घरी’ दुसऱ्या कुठल्या तरी गावात त्याची वाट पाहत असते. कोकणीतही ‘तो घरा आसा’ आणि ‘तो घरांत आसा’ यांत हेच अंतर आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना ते कानाने आधीच ठाऊक असते. आपण फक्त त्याला नाव द्यायचे.

असे ईकारान्त रूप सगळ्याच नामांना मिळत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी, शेजारी अशी रूपे रोजच्या बोलण्यात टिकून आहेत. पण बँकेत आपण ‘बँकी’ जात नाही आणि सदनिका विकत घेतली तरी ‘सदनिकी’ राहायला जात नाही. पर्वरीला चौघांत मिळून भाड्याने राहणारी मुले ‘रूमवर जातो’ किंवा ‘फ्लॅटवर आहे’ असे म्हणतात आणि शनिवारी एस. टी. पकडताना मात्र ‘घरी चाललो’ म्हणतात. त्यांना व्याकरण कोणी शिकवलेले नसते.

‘घरचा’ आणि ‘घराचा’ ही जोडी याच्याच पुढची पायरी आहे. घराची कौले फुटतात, घराची पट्टी भरावी लागते, घराचा दरवाजा पावसात फुगतो. ही सगळी इमारतीची दुखणी झाली. घरचे नारळ मात्र घरापासून चार मैलांवरच्या भाटातले, म्हणजे माडांच्या बागेतले, असू शकतात आणि तरीही ते घरचेच असतात. ‘घरचे’ एवढाच शब्द नुसता वापरला, तर त्याचा अर्थ थेट माणसे असा होतो. ‘घरच्यांना विचारून सांगतो’ हे वाक्य ज्याने सोयरिकीच्या बोलण्यात ऐकले आहे, त्याला या शब्दाची ताकद वेगळी सांगायला नको. घरचा अहेर म्हणजे आपल्याच माणसाने चारचौघांत काढलेले वाभाडे. तिथेही बोचतो तो ‘घरचा’ हाच शब्द.

प्रश्न : लग्नानंतर मी पुण्यात राहते. बोलण्याच्या ओघात ‘मे महिन्यात कुळाराला (म्हणजे माहेरी) जाणार आहे’ असे म्हटले, तर सासरची मंडळी हसली. हा शब्द मराठी नाही का? (एक वाचिका, मूळच्या मडगावच्या)

उत्तर : पुण्याच्या बोलीत तो नाही, म्हणून हसू आले असेल. शब्द मात्र जुन्या आणि खानदानी घडणीचा आहे. ‘घर’ हा शब्द संस्कृत ‘गृह’पासून प्राकृतातून आपल्याकडे आला, आणि समासात दुसऱ्या जागी बसल्यावर त्यातला घ झिजून ह झाला, पुढे काही ठिकाणी तोही गळाला. मातृगृहाचे माहेर याच रीतीने झाले. देव्हाऱ्यातही देवाचे घर दडलेले आहे. ‘कुल’ या शब्दाचीही अशीच झीज झाली. देवकुलाचे देऊळ, राजकुलाचे राऊळ, आणि आजोबांच्या कुळाचे आजोळ. आपल्या ‘कुळार’मध्ये हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत: कुळाचे घर ते कुळार. पुणेकरांचे माहेर आईच्या नावाचे आणि आपले कुळार कुळाच्या नावाचे, एवढाच काय तो फरक. पुढच्या वेळी कोणी हसले, तर देऊळ आणि माहेर यांची व्युत्पत्ती आधी त्यांनाच विचारावी.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे कोकणीत नवऱ्याला घरकार आणि बायकोला घरकान्न म्हणतात; मराठीत घरधनी आणि घरकरीण हे शब्द आहेत. मागच्या पिढीतले पुरुष तर बायकोचे नाव न घेता ‘आमच्या घरात जरा बरे नाही’ असे सांगत. ही लाजाळूपणाची पळवाट दिसते तितकी अलीकडची नाही. संस्कृतात ‘गृह’ हा शब्द पुंल्लिंगी वापरला, तर तो बहुवचनीच असतो, असे अमरकोश सांगतो, आणि पाणिनीच्या सूत्रावरील काशिकावृत्तीत या ‘गृहाः’चा पत्नी असाही अर्थ दिला आहे. गृहिणी हेच घर, हे सुभाषित तर पाठ असतेच. ते म्हणणाऱ्यांनी घराची कागदपत्रे किती वेळा तिच्या नावावर केली, हा निराळा विषय.

प्रश्न : मी तीस वर्षे पणजीत राहतो. घर माझ्या नावावर आहे. तरीही कोणी ‘तुमचे घर कुठले’ असे विचारले, की तोंडून पेडण्याजवळच्या गावाचे नाव निघते. मुलगी म्हणते, “बाबा, तुम्ही खोटे सांगता.” खरे उत्तर कोणते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘घर कुठे’ आणि ‘घर कुठले’ हे दोन प्रश्न आहेत, त्यामुळे दोन्ही उत्तरे खरी आहेत. पहिल्याला पत्ता हवा असतो, दुसऱ्याला मूळ. जुन्या मराठीत यासाठी सोयीचे दोन शब्द होते: माणूस राहतो ते बिऱ्हाड आणि जिथला असतो ते घर. बिऱ्हाड पाठीवर घेता येते. तसा वाक्प्रचारच आहे. हल्ली मालकीची जागा झाली, की लोक बिऱ्हाड हा शब्द टाकून देतात आणि मग एकाच ‘घर’ शब्दावर दोन्ही ओझी पडतात.

आपल्या गोव्यात हा गुंता अधिक जुना आहे. सोळाव्या शतकात धर्मच्छळामुळे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. देवांनाच दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले, तिथे भक्तांचे काय? तरीही आपले मूळ गाव सांगायचे कोणी सोडले नाही. गणपतीच्या चवथीला पणजीचे रस्ते ओस का पडतात, ते आपल्या मुलीला विचारून पाहा. तिसवाडीत दोन मजली घर असलेला माणूसही त्या दिवशी ज्या घरात गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांची मंडपी, बांधली जाते तिथे ‘घरी’ जातो, मग तिथे त्याच्या वाट्याला झोपायला एक चटई आली तरी चालते.

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण सांगे तालुक्यातील कुर्डी हे आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 साली याच गावी झाला. साळावली धरणाच्या जलाशयात हे गाव बुडाले आणि गावकऱ्यांचे पुनर्वसन वाडे, वाळकिणी अशा ठिकाणी झाले. तिथले महादेवाचे प्राचीन देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले गेले; घरांच्या नशिबी ते नव्हते. मे महिन्यात पाणी ओसरले, की जोती, वाटा आणि तुळशीवृंदावने चिखलातून वर येतात आणि माणसे तिथे जमतात. छप्पर नाही, भिंत नाही, म्हणजे ‘घरात’ म्हणण्याजोगे तिथे काहीच उरलेले नाही. मी एकदा तिथे गेलो होतो, तेव्हा एका वयस्कर बाईंनी सपाट चौथऱ्याकडे हात करून ‘ही आमची रांदची कूड’, म्हणजे स्वयंपाकघर, असे सांगितले होते. सांगताना त्या चौथऱ्यावर चढण्याआधी त्यांनी चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या.

प्रश्न : मालिकांमध्ये ‘त्यांनी नवे घर बसवले’ असे ऐकतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : हे हिंदीचे उसने आहे. मराठीत घर मांडतात, संसार थाटतात. आपल्याकडे घर बसले म्हणजे कुटुंबाची वाताहत झाली. तुमच्या सत्तरी तालुक्यातल्या पावसात मातीची भिंत बसते, तेच हे बसणे; नव्या जोडप्याला अशी शुभेच्छा देऊ नये.

प्रश्न : ‘गृहपाठ’, ‘ग्रहण’, ‘गृहीत’ यांत माझा नेहमी घोटाळा होतो. शिवाय चष्म्याच्या डबीला घर का म्हणतात? (एक विद्यार्थी, कुडचडे)

उत्तर : घराशी संबंध असेल तिथे गृ: गृहपाठ, गृहिणी, गृहस्थ, वसतिगृह. घेण्याशी किंवा धरण्याशी संबंध असेल तिथे बहुधा ग्र: ग्रहण, आग्रह, संग्रह. ‘गृहीत’ फसवतो, कारण तो ‘घेतलेले’ या अर्थाचा असूनही गृ-ने लिहायचा असतो, आणि त्यातला ‘ही’ दीर्घ आहे. मात्र हा घोटाळा अगदीच तुझा नव्हे. पाणिनीच्या मते घर या अर्थाचा ‘गृह’ हा शब्दही ग्रह् या धातूपासूनच बनतो. डबीचे म्हणशील, तर ज्या वस्तूची ठरलेली जागा असते तिला मराठी घर देते. सोंगटीला पटावर घर असते, ग्रहाला कुंडलीत घर असते आणि चष्म्याला डबीत. फक्त चष्मा तिथे क्वचितच असतो.